दोन वार

सोसायटीच्या वहीत मी लिहिलं ते असं:
इसवण एक, वजन सात किलो, होडी पास्कोलची,
खरेदीदार आठ.
ऑडिटर विचारतील म्हणून शेजारी पेन्सिलीने:
मासा एकच होता.

त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं.
डॉक्टर वाळके सर्जेकोटात उतरल्या तेव्हा
वाटेवर सुकट पसरलेली,
जीप थांबवून त्यांनी विचारलं, शाळा खंय?
त्यांच्या तोंडी आमचा शब्द ऐकून
सुकट राखणाऱ्या बायका आधी हसल्या,
मग बोट दाखवलं.

तीन दिवस पोरांच्या छातीवर गार जेली.
पडद्यावर राखाडी काहीतरी
उघडतंय, मिटतंय.
पास्कोलचा नातू ओरडला,
'बाई, माझ्या छातीत तिसऱ्यो आसत!'
'आहेतच,' डॉक्टर म्हणाल्या,
'शिंपला नीट मिटतो का, तेवढंच बघायचं.'

घसा दुखतो, आपण मिरी घालून सार देतो.
गुडघा सुजतो, उतरतो,
आपण म्हणतो पोर उंच होतंय.
झडप मात्र ते सगळं लक्षात ठेवते.

मग कानांतल्या नळ्या त्यांनी माझ्या कानांत घातल्या.
आवाज दोनच असतात, म्हणाल्या,
दोघांच्या मधे काही वाहताना ऐकू आलं
तर लिहून ठेवायचं.
मी हिशेबनीस. लिहून ठेवणं मला कळतं.

सभेत मी दोनदा सांगितलं,
या पैशातून कुणाचं ऑपरेशन होणार नाही.
मशीनचं भाडं, जीपचं डिझेल,
फॉर्म भरणाऱ्या मुलीचा पगार.
हे पैसे मोजण्यासाठी आहेत.
मागून कुणीतरी म्हणालं, 'मोजून काय जातला?'

भालू खवणेकर उठला. लिलाव पुकारणारा.
एरवी त्याचा आवाज बंधाऱ्याच्या टोकापर्यंत जातो,
त्या दिवशी पुढच्या दोन रांगांनी ऐकला:
'आमचा कोणी मोजूक नाय.'
एवढंच. आणि खाली बसला.
केतकी नववीत होती.
गाडी कसालच्या फाट्यापर्यंत पोचली होती.

रविवारी इसवण टोपलीत ठेवली.
तारकर्लीच्या हॉटेलवाल्याने तीन हजार शंभर लावले,
भालूने पुकारलं, एक वार,
दोन वार,
आणि थांबला.
हॉटेलवाल्याने त्याच्याकडे पाहिलं,
पैसे माझ्या पेटीत टाकले,
मासा टोपलीत परत.

पुन्हा बोली.
बर्फवाला. जाळी विकणारा. पतपेढीचा मॅनेजर.
स्वतः पास्कोल, स्वतःच्याच माशावर दोन हजार,
लोक हसले, तोही.
नववीची मुलं, दोनशे बारा, सगळी चिल्लर,
त्यातलं एक नाणं इतकं घासलेलं
की बँकेने मला परत दिलं.
प्रत्येक वेळी एक वार, दोन वार,
आणि त्यापुढे फक्त पाणी
होड्यांच्या पोटावर आपटत.

आठव्या बोलीपर्यंत बर्फ वितळला होता.
इसवणीचे डोळे पांढरे.
अंधार पडल्यावर टोपलीजवळ मांजरं होती,
त्याबद्दल वहीत रकाना नाही.

जमा: अठरा हजार चारशे बारा.
अकरा घरांत आता दर एकवीस दिवसांनी
एक सुई.
कुठली घरं ते मला सांगत नाहीत,
सांगू नये असा त्यांचा नियम,
पण औषधाच्या दुकानात
कोण कितव्या दिवशी दिसतं, ते गाव बघतं.
अहवाल पाच वर्षांनी.
तोवर होड्या वर ओढल्या की दर जूनला
जीप येईल, पोरं गुदगुल्यांनी हसतील.

एक अडचण राहिलीच.
नियमाने तिसरा वार झाला नाही
तर विक्री धरत नाहीत.
म्हणजे आठही जणांचे पैसे
सोसायटीने परत द्यायला हवेत.
महिना झाला,
मी दुपारी दोन ते पाच खिडकीत असते.
मागायला अजून कुणी आलेलं नाही.